द्रवावर तोललेली गाडी आणि जतनाचा प्रश्न

यंत्राचा शोध केव्हा लागला याची नोंद इतिहास काळजीपूर्वक ठेवतो. ते यंत्र दुरुस्त करणे केव्हा अवघड झाले, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ब्रिटिश मोटारींतील द्रवाधारित सस्पेन्शनच्या इतिहासाचा उत्तरार्ध असाच नोंदीबाहेर राहिला आहे. आम्हांस तो लक्षणीय वाटतो, कारण 'जतन म्हणजे नेमके कशाचे जतन?' हा साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेला प्रश्न येथे लोखंड, रबर आणि वायू यांच्या भाषेत पुन्हा उभा राहतो.

या कथेचे मूळ रबरात आहे. विल्टशर परगण्यातील ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथे १८४८ साली स्टीफन मोल्टन यांनी रबराचा कारखाना काढला. त्यांचे पणतू ॲलेक्स मोल्टन (१९२०-२०१२) यांनी पोलादी स्प्रिंगऐवजी रबरावर गाडी तोलण्याचा ध्यास घेतला. त्यांचे स्नेही अलेक इसिगोनिस यांच्या १९५९ सालच्या मिनीत रबराचे शंकू आले, ते प्रामुख्याने जागा वाचावी म्हणून. पुढची पायरी १९६२ साली मॉरिस ११०० या गाडीत दिसली. तिचे नाव हायड्रोलॅस्टिक.

तिची कल्पना सोपी आणि देखणी होती. प्रत्येक चाकापाशी रबरी स्प्रिंग असलेला एक बंद डबा. त्यात पाणी, अल्कोहोल आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण. आणि एकाच बाजूच्या पुढच्या व मागच्या डब्यांना जोडणारी नळी. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की तेथील द्रव नळीतून मागे ढकलला जाई आणि गाडीची मागची बाजूही किंचित उचलली जाई. त्यामुळे लहान गाड्यांना जडलेली पुढे-मागे डुलण्याची खोड पुष्कळ कमी झाली. द्रवाच्या वाटेतील रबरी झडपाच हेलकावे शमवीत असल्याने वेगळ्या शॉक ॲब्सॉर्बरची गरज उरली नाही. या मालिकेच्या सुमारे २१ लाख गाड्या तयार झाल्या. म्हणजे हा प्रयोगशाळेतला चमत्कार नव्हता, मध्यमवर्गीय ब्रिटिश कुटुंबाच्या रोजच्या प्रवासाचा भाग होता. १९६४ साली मिनीनेही तो स्वीकारला. मात्र काही वर्षांतच ती पुन्हा कोरड्या रबराकडे वळली.

१९७३ साली ऑस्टिन अलेग्रोबरोबर हायड्रागॅस आले. येथे रबरी स्प्रिंगची जागा गोलात कोंडलेल्या नायट्रोजनने घेतली. वायू आणि द्रव यांच्यामध्ये एक लवचीक पडदा. १९८० सालच्या मेट्रोत हे तंत्र घेतले गेले, पण पुढची-मागची जोडणी वगळून. ही काटछाट मोल्टन यांना सलत राहिली. त्यांनी स्वतःच्या मेट्रोत ती जोडणी करून दाखवली आणि १९९० साली कंपनीने ती स्वीकारली. १९९५ सालची एमजीएफ ही या परंपरेतील अखेरची नवी गाडी. २००२ साली तिच्या जागी आलेल्या एमजी टीएफमध्ये पोलादी स्प्रिंगा होत्या. २००५ साली एमजी रोव्हर कंपनीच बुडाली.

येथून उत्तरार्ध सुरू होतो. हायड्रोलॅस्टिकचे दुखणे बहुधा फुटक्या नळीचे किंवा गंजलेल्या डब्याचे असते; ते डोळ्यांना दिसते. हायड्रागॅसचे दुखणे फसवे आहे. बंद गोलातला नायट्रोजन वर्षानुवर्षे पडद्यातून अतिशय सावकाश झिरपत जातो. वायू घटला की गाडी खाली बसते. मग मालक अधिक द्रव भरून घेतो आणि गाडी पुन्हा ठरल्या उंचीवर येते. वरून पाहणाऱ्याला सारे ठीक दिसते. पण द्रव दाबला जात नाही, दबणारा वायू तर उरलेला नसतो. म्हणून गाडी पूर्वीइतकी उंच आणि पूर्वीपेक्षा कडक होते. ही झीज वापराची नाही, काळाची आहे. त्यामुळे गोदामात जपून ठेवलेला न वापरलेला भागही तिच्यातून सुटत नाही, आणि भंगारातील गाडीतून काढलेला भाग आपल्या गाडीतल्या भागाइतकाच म्हातारा असतो.

शिवाय द्रव भरण्यासाठी खास पंप लागतो. आधी नळीतली हवा ओढून घ्यायची आणि मग दाबाने द्रव भरायचा. असे पंप एके काळी विक्रेत्यांच्या गॅरेजांत असत. गॅरेजे बंद झाली तसे काही पंप हौशी मंडळींच्या हाती आले. काहींनी हातपंप जुळवून स्वतःची साधने घडवली. कारखान्याचे ज्ञान असे परसातल्या शेडमध्ये येऊन राहिले.

आज मालकापुढे ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली, द्रव भरत राहण्याची. तिने रूप टिकते, गुण जातो. दुसरी, पोलादी स्प्रिंगा बसवण्याची. तिने गाडी रस्त्यावर राहते, पण पुढच्या चाकाचे मागच्या चाकाशी असलेले नाते तुटते. तिसरी, कारखान्याने कायमचा बंद केलेला गोल भेदून त्यात झडप बसवण्याची आणि नव्याने नायट्रोजन भरण्याची. हे जाणकाराचेच काम आहे, आणि आतला पडदा फाटलेला असेल तर तेही निरुपयोगी ठरते.

मूळ वस्तूला हात लावू नये असे मानणाऱ्याला तिसरी वाट अपवित्र वाटेल. आमच्या मते तीच सर्वांत निष्ठावान आहे. जुनी पोथी कपाटात राहिली म्हणून ग्रंथ जिवंत राहतोच असे नाही. नव्या कागदावर, नव्या हाताने, प्रसंगी अक्षराचे वळण बदलूनही कोणी तिची प्रत करतो, तेव्हा तो पुढच्या वाचकाकडे जातो. मोल्टन यांची निर्मिती म्हणजे तो लोखंडी गोल नव्हे; एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याने वाटून घ्यावा, ही कल्पना म्हणजे त्यांची निर्मिती. ती चालू ठेवण्यासाठी गोलाला छिद्र पाडावे लागत असेल, तर ते पाडणेच योग्य.

'याला देखभाल लागत नाही' हे निर्मात्याचे वचन निर्माता आहे तोवरच खरे असते, एवढे मात्र या इतिहासातून ध्यानात घ्यावे. जी वस्तू उघडण्याची सोय तिच्या कर्त्याने ठेवलेली नसते, तिच्या वारसांना ती सोय स्वतः करून घ्यावी लागते.