मुंबई, १९५२ : स्पंजची बॅट आणि बचावात्मक चॉप

टेबल टेनिसच्या इतिहासात फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईस झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेस विशेष स्थान आहे. आशिया खंडात ही स्पर्धा प्रथमच भरली होती, आणि तीत जपानच्या हिरोजी सातो यांनी हंगेरीच्या योझेफ कोत्सियान यांस हरवून पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळविले. सातो यांच्या बॅटीवर जाड स्पंजाचा थर होता. या एका बॅटीने बचावात्मक खेळाचा अंत केला, असे विधान वारंवार करण्यात येते. ते निम्मेच खरे आहे. कोणते निम्मे, हे पाहण्यासाठी त्या खेळाचे तंत्र प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

‘चॉप’ या इंग्रजी शब्दाने कुऱ्हाडीचा घाव सुचतो. प्रत्यक्ष क्रिया मात्र सुताराने रंधा फिरवावा तशी आहे. मेजापासून चांगले मागे सरून, उतरत्या चेंडूच्या खालच्या अंगास बॅट वरून खाली व पुढे घासत न्यावयाची. त्यायोगे चेंडूस उलटी फिरकी मिळते आणि प्रतिस्पर्ध्याने तो नुसता टोलविला तर तो जाळीत जातो. शब्द आघाताचा आणि क्रिया घर्षणाची, अशी ही विसंगती आपल्याकडील खेळाडूंनी शब्द जसाच्या तसा उचलल्यामुळे मराठीतही उतरली आहे.

या तंत्राचे सामर्थ्य एके काळी इतके होते की नियमकर्त्यांसच त्याची धास्ती वाटली. १९३६ साली प्राग येथे पोलंडचे एर्लिख व रुमानियाचे पानेथ फार्कश यांच्यातील पहिला गुणच दोन तासांहून अधिक काळ चालला. पुढल्याच वर्षी बाडेन येथे महिला एकेरीचा अंतिम सामना वेळमर्यादेमुळे थांबवावा लागला व विजेतेपद रिक्त ठेवले गेले. रूथ एरन्स व ट्रूडी प्रिट्झी या दोघींस ते संयुक्तपणे मिळाले २००१ साली. जाळीची उंची पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणण्यात आली, ती याच सुमारास. तरीही बचाव संपला नाही. बचावाचे थोर आचार्य रिचर्ड बर्गमान १९३७, १९३९, १९४८ व १९५० असे चार वेळा जगज्जेते झाले, आणि सर्व साध्या दाणेदार रबराच्या बॅटीने.

त्या बॅटीचा एक गुण सहसा दुर्लक्षिला जातो : ती बोलकी होती. लाकडावरील पातळ दाणेदार रबरातून ‘टक्’ असा स्पष्ट ध्वनी निघे आणि प्रतिस्पर्ध्याने किती जोर लावला याची वार्ता त्या ध्वनीतून बचाव करणाऱ्यास मिळे. स्पंजाने नेमकी ही वार्ता बंद केली. चेंडू थरात रुते, जवळजवळ नि:शब्दपणे, आणि मग अपेक्षेहून अधिक वेगाने उसळे. मुंबईत अनुभवी खेळाडू गोंधळले, त्यास स्पंजाच्या वेगाइतकेच त्याचे मौन कारणीभूत होते, असे मला वाटते.

परंतु १९५३ मध्ये बुखारेस्ट येथे हंगेरीचे फेरेंत्स शिडो दाणेदार रबरानेच जगज्जेते झाले. जपान त्या स्पर्धेत नव्हता, हे खरे. १९५४ ते १९५७ ही चारही वर्षे पुरुष एकेरी ओगिमुरा व तानाका यांनी आळीपाळीने जिंकली. १९५९ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने उघड्या स्पंजास बंदी घातली. स्पंजावर रबर असलेले, एकूण चार मिलिमीटरपर्यंतचे आच्छादन मात्र मान्य झाले, आणि त्यातून जो जबर टॉपस्पिन पुढे विकसित झाला त्याने जुन्या चॉपची खरी कोंडी केली.

या कोंडीतून वाट काढली ती चीनने. लांब, लवचिक दाण्यांचे रबर चेंडूस पकडीत नाही. दाणे वाकतात आणि आलेली फिरकी बऱ्याच अंशी तशीच राहते. चेंडूच्या प्रवासाची दिशा तेवढी उलटते, म्हणून समोरच्याची पुढली फिरकी त्याच्याकडे उलटी होऊन परतते. झांग शिएलिन यांनी १९६३ साली प्रागमध्ये जपानी आक्रमकांस याच चमत्काराने जेरीस आणले. लिन हुईचिंग व झेंग मिंझी यांनी १९६५ मध्ये महिला दुहेरी जिंकली, तीही चॉपच्या बळावर. म्हणजे मुंबईनंतर तेरा वर्षांनी मृत म्हटलेले तंत्र जगज्जेत्यांच्या हाती होते.

पुढे बॅटीच्या दोन बाजूंस एकाच रंगाची पण भिन्न गुणधर्मांची रबरे लावण्याची प्रथा पडली. खेळाडू हातातच बॅट फिरवी. हालचाल एक, अर्थ दोन. भाषेत यास आपण समोच्चार म्हणतो, पण तेथे संदर्भ साह्यास येतो. येथे संदर्भच पुसून टाकलेला. १९८३ मध्ये भिन्न रंगांची आणि १९८६ मध्ये एक बाजू लाल व दुसरी काळी असण्याची सक्ती झाली. सातोंच्या बॅटीने कानाची वार्ता हिरावली होती, या बॅटींनी डोळ्यांची. आणि या खेपेस लाभ बचाव करणाऱ्यांचा होता. या नियमाने तो काढून घेतला.

२००८ पासून जवळजवळ घर्षणहीन अशा लांब दाण्यांवरही बंदी आली. तत्पूर्वी २००३ साली पॅरिस येथे कोरियाचे जू से-ह्युक अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि ऑस्ट्रियाच्या वेर्नर श्लागर यांच्याकडून हरले. त्यांच्या बॅकहँडवर लांब दाणे होते. फोरहँडवर मात्र गुळगुळीत रबर होते, आणि त्याने ते चॉपइतक्याच सहजतेने प्रतिहल्ला करीत. केवळ बचावाने जिंकणाऱ्या बर्गमान यांच्या परंपरेशी त्यांचे नाते आहे, पण बरेच दूरचे.