पटावरची उलंगवाडी



आज 20 जुलै. पाऊस तीन दिवसांपासून उघडला आहे, कपाशीत डवरे चालू आहेत. संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावायची राहिली आहे, ते काम उद्यावर ढकललं. आजची नोंद पिकाची नाही, बुद्धिबळाची आहे. 1924 साली याच तारखेला पॅरिसमध्ये फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना स्थापन झाली, म्हणून हा बुद्धिबळ दिन. मी दहावी पास माणूस, इतिहास लिहिणं माझं काम नाही. पण या खेळातली बोलाचाली कुठून कुठं गेली, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेवढं लिहितो.

आमच्या लहानपणी सोनाळ्यात पारावर पट मांडला जायचा. कापडी पट, लाकडी मोहरे. एखादं प्यादं हरवलं की त्या जागी चिंचोका. खेळणारे दोन आणि सांगणारे दहा. खेळणारा हात पुढं करायचा, तर मागून तिघं ओरडायचे, "नको नको, घोड्याले जोर नाही!" जोर म्हणजे त्या मोहऱ्याच्या पाठीशी दुसरं मोहरं आहे का, ते. आजही मी मोबाईलवर खेळताना मनात हाच शब्द येतो.

आणि चिडवणं. ते सगळं शेतातलंच. कोणाचा वजीर फुकट गेला की, "काहून बे, वजीर विकाले काढला काय? भाव तरी पायला होता का?" प्यादी संपत आली की, "झाली तुयी उलंगवाडी, आता पऱ्हाट्या उपट." फार वेळ विचार करणाऱ्याला, "याची चाल म्हंजे तुरीचं पीक, साडेसहा महिने लागतात." ज्याला बोलणं बसलं तो दोन शिव्या हासडायचा, सगळे हसायचे, आणि त्याच हसण्यात कोणीतरी विचारायचं, "तुया खालच्या वावरात पाणी साचलं म्हणतात, चर काढला का नाही?" तिथून डाव बाजूला आणि चराची चर्चा अर्धा तास. दुसऱ्या दिवशी चिडवणाराच फावडं घेऊन वावरात हजर. हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत झालेलं पाहिलं आहे.

तेव्हाचे नियम देशी होते. नव्या पोरांना हे माहीत नाही म्हणून सांगतो. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. किल्लेकोट नव्हता. राजाला शह बसायच्या आत एकदा घोड्याची उडी घेता यायची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं मिळायचं, सरसकट वजीर नाही. समोरच्याकडे राजा एकटाच उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. त्यामुळे जिंकणाऱ्याला उलटी काळजी, की त्याचं शेवटचं प्यादं मारायचं नाही. आणि प्याद्यानं मात केली, तर त्या प्यादेमातीची गोष्ट पुढच्या पोळ्यापर्यंत चालायची. डाव सावकाश सुरू व्हायचा, म्हणून बोलायला जागा भरपूर.

युरोपी नियम आपल्याकडे फार आधी आले होते. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं पुस्तक छापलं गेलं. मूळ संस्कृत, त्यावरून इंग्रजी, आणि विषय युरोपी पद्धतीचा खेळ. म्हणजे पेशवाई अजून बुडायची होती तेव्हा हे छापून झालेलं. पण पुस्तक मुंबईत आणि पार सोनाळ्यात. आमच्यापर्यंत ते नियम यायला दीडशेच्या वर वर्षं गेली. शाळेतल्या स्पर्धेत मी पहिल्यांदा पाहिलं की मोहऱ्याला हात लागला की तेच चालवावं लागतं, शेजारी घड्याळ असतं आणि बोलायचं नसतं. समोरच्याला त्रास होईल, त्याचं लक्ष उडेल असं काहीही करायचं नाही, असा फिडेचा नियमच आहे. नियम रास्त आहे. पण मला तेव्हा मयतीला गेल्यासारखं वाटलं होतं.

असंच एका शेतकरी खेळाडूला वाटलं असेल का, असा विचार येतो. सुलतान खान, पंजाबातल्या सरगोधा भागातला, आज तो भाग पाकिस्तानात आहे. वडिलांकडून देशी खेळ शिकला. सर उमर हयात खान नावाच्या जमीनदारानं त्याला हाताशी धरलं आणि युरोपी नियम शिकवले. 1928 ला तो अखिल भारतीय विजेता झाला, 1929 ला इंग्लंडमध्ये जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुन्हा 1932 ला, पुन्हा 1933 ला. 1930-31 च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं, जो आधी जगज्जेता होता. इंग्रजी जेमतेम, दुभाष्या लागायचा. तिथली थंडी सोसवत नव्हती. आपल्याकडचा बोलका खेळ खेळलेला माणूस, आणि तिथं खोलीभर लोकांत गप्प बसलेला.

1933 च्या अखेरीस तो मालकाबरोबर परतला. 1935 साली आपल्या मराठी व्ही. के. खाडिलकरांशी त्याचा सामना झाला. दहा डाव, त्यातला एकच बरोबरीत, बाकी नऊ त्यानंच जिंकले. त्यानंतर खेळ जवळजवळ सुटला आणि तो आपल्या शेतीवर राहिला. 1966 ला गेला. पोरांना त्यानं बुद्धिबळ शिकवलं नाही, आयुष्यात यापेक्षा उपयोगाचं काही करा म्हणाला, असं त्याच्या मुलानं सांगितलेलं आहे. फिडेनं त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला 2024 साली, मेल्यावर 58 वर्षांनी. आपल्याकडे अनुदानाची यादी लागायला उशीर होतो म्हणून आपण ओरडतो.

आता मोबाईलकडे येतो. इंटरनेटवर एकमेकांशी खेळायची सोय 1992 पासून आहे. चेस डॉट कॉम 2007 ला आलं, लीचेस 2010 ला. लीचेस तिबो द्युप्लेसी या फ्रेंच माणसानं सुरू केलं, त्यात पैसे नाहीत आणि जाहिराती नाहीत. दोन्हीकडे डावाशेजारी लिहायला एक चौकट असते. पुतणीनं मला हे मोबाईलवर टाकून दिलं तेव्हा पट पाहून काही वाटलं नाही, ती चौकट पाहून वाटलं. पार परत आला!

लॉकडाऊनमध्ये तर सगळा देशच त्या पारावर बसला. 2020 ला समय रैना नावाचा विनोदी कलाकार यूट्यूबवर खेळायचा, आणि त्याच्या जोडीला आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी. एक चुकीच्या चाली खेळणार, दुसरा त्याची फिरकी घेणार, आणि उलटही. एवढा मोठा खेळाडू असं बोलून घेतो, हे पाहून आमच्या गावातली ज्यांनी कधी पट पाहिला नव्हता ती पोरंही शिकली. त्याच वर्षी ऑनलाईन ऑलिंपियाड झालं. विदित भारताचा कर्णधार होता. अंतिम फेरीत ऐन डावात इंटरनेट गेलं आणि आपले दोन खेळाडू वेळेवर हरले, निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख. भारतानं दाद मागितली, मग 30 ऑगस्टला भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक दिलं. रात्रीच्या थ्री फेजची वाट पाहणाऱ्याला त्या पोरांचं दुःख वेगळं सांगायला नको.

माझीही त्याच काळात वरुडकडच्या एका संत्रा बागायतदाराशी गाठ पडली. चेहरा पाहिलेला नाही. त्याच्या नावात संत्रा होता म्हणून मी चौकटीत लिहिलं, "आंबिया का मृग?" त्याचं उत्तर, "मृग. पण तुमचा वजीर आंबियातच गळून रायला." तिथून रोज. एका रात्री मी फार उशिरा चाली खेळत होतो. त्यानं विचारलं, "भाऊ, झोप आली का?" मी लिहिलं, झोप नाही, बागेतल्या अकरा झाडांच्या खोडातून डिंक येतो आहे, एक तर वाळायलाच लागलं. त्यानं डाव सोडला. जिंकत असलेला डाव! आणि एकामागून एक प्रश्न. कलमाचा जोड मातीत दबला आहे का? पाणी खोडाला लागतं का? आळं एकेरी का दुहेरी?

जोड दबलेला होता. ट्रॅक्टरनं मातीची भर लावताना मीच दाबला होता. त्यानं सांगितलं ते असं: माती ओढून जोड उघडा करा, डिंकाची साल धारदार चाकूनं खरवडून जाळून टाका, खोडाला पेस्ट लावा, आणि दुहेरी आळं करा म्हणजे पाणी खोडापासून लांब राहील. पेस्ट म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे लोकही फायटोप्थोरासाठी हेच सांगतात. अकरापैकी आठ झाडं वाचली. यंदा पावसाळ्याआधीची पेस्ट माझ्याकडून चुकली, हे इथंच कबूल करतो.

पण या चौकटीची दुसरी बाजू पुतणीमुळे कळली. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते. सुरुवातीला तिनं आपल्या खऱ्या नावानं खातं काढलं होतं. महिनाभरात बंद केलं. काय झालं ते सांगेना. तिच्या मोठ्या आईला सांगितलं, की हरलेले लोक काय काय लिहितात. डावाबद्दल नाही. ती मुलगी आहे याबद्दल. मी तिला म्हणालो, अगं चिडवतातच, पारावर आम्ही काय कमी ऐकलं? ती म्हणाली, "मोठे बाबा, तुमच्या पारावर एक तरी बाई बसत होती का?"

मला उत्तर आलं नाही. खरंच कधी बसली नव्हती.

पुढं जानेवारी 2024 ला दिव्या देशमुखनं जाहीर लिहिलं. ती तेव्हा 18 वर्षांची, नेदरलँड्समध्ये मोठ्या स्पर्धेत खेळून आली होती. प्रेक्षक चाली सोडून आपले कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच बोलतात, असं तिचं म्हणणं. पुतणीनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, एकदा नाही, दोनदा. दीड वर्षानं, 28 जुलै 2025 ला, त्याच दिव्यानं जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. विदर्भाची पोरगी. आमच्या घरी त्या दिवशी पेढे आणले होते.

पारावर चिडवणाऱ्याला आपलं वावर माहीत होतं आणि आपल्याला त्याचं. जास्त बोलला तर सकाळी विहिरीवर तोंड दाखवायचं असायचं. मोबाईलवर ती विहीरच नाही. हे मला पटतं. तरी पुतणीचा प्रश्न त्यानं सुटत नाही, हेही खरं.

ती आता एका झाडाच्या नावानं खेळते. कोणतं ते लिहीत नाही, नाहीतर तुम्ही शोधाल. लिहायची चौकट बंद ठेवलेली. फक्त वरुडवाल्याशी खेळताना उघडते, कारण तो तिला दर डावात हरतो आणि हरल्यावर हमखास विचारतो, "मोठ्या बाबानं पेस्ट लावली का?"

काल तिनं त्याला खरं सांगून टाकलं. मोरचूद आणि चुना आणून ठेवला आहे, उद्या सकाळी लावतो.