आधी न्यूट्रल, मग दोरी

आइस्क्रीमची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ओले इव्हिन्रूड हा नॉर्वेहून आलेला यंत्रकारागीर १९०६ सालच्या उन्हाळ्यात मैत्रिणीबरोबर एका तळ्यावर सहलीला गेला. तिच्यासाठी आइस्क्रीम आणायला तो होडी वल्हवत पलीकडे गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले. म्हणून होडीच्या मागे अडकवायचे इंजिन त्याला सुचले, असे सांगतात. गोष्ट गोड आहे. वर्गात सांगायला आम्हालाही आवडते. पण ही कल्पना सुचलेला तो काही पहिला नव्हता. ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या सेन नदीत १८८१ सालीच विजेवर चालणारी, काढता-घालता येणारी मोटर होडीला लावून दाखवली होती. कॅमेरॉन वॉटरमनने १९०५ साली डेट्रॉइट नदीत पेट्रोलची मोटर चालवली आणि १९०७ साली पेटंट मिळवले.

इव्हिन्रूडचे खरे श्रेय मांडणीचे आहे. त्याच्या १९०९ सालच्या मोटरची ताकद दीड अश्वशक्ती आणि वजन सुमारे २८ किलो होते. सिलिंडर आडवा, दांडा उभा, वर जड गतिचक्र आणि खाली पाण्यात दातेरी चाकांनी फिरणारा पंखा. आजच्या मोटरीचाही सांगाडा बहुतांशी हाच आहे.

मात्र ती सुरू करणे हे धाडसाचे काम होते. गतिचक्राच्या कडेला एक मूठ असे. ती धरून चक्राला जोराचा हिसका द्यायचा आणि हात चटकन मागे घ्यायचा. ठिणगी वेळेआधी पडली तर चक्र उलट फिरे आणि मूठ बोटांवर बसे. इंजिन चालू झाल्यावरही ती गरागरा फिरतच राही! पुढे चक्राभोवती दोरी गुंडाळून ओढण्याची पद्धत आली. दोरी सुटून हातात येई, आणि मागे बसलेल्याच्या तोंडावर कोपर बसे. स्प्रिंगने आपोआप परत गुंडाळली जाणारी दोरी त्यानंतरची.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. पंखा इंजिनाला कायमचा जोडलेला असल्याने इंजिन पेटताक्षणी होडी पुढे उसळे, आणि दोरी ओढणारा तर बहुधा अर्धवट उभा! १९४९ साली जॉन्सन कंपनीने १० अश्वशक्तीच्या मोटरीत पुढे, न्यूट्रल आणि मागे असे गिअर दिले. न्यूट्रलमध्ये इंजिन चालते, पंखा थांबतो. म्हणून आजही क्रम तोच आहे : आधी न्यूट्रल, नीट बसणे, मागे कोणी नाही हे पाहणे, मग दोरी. याच मोटरीला इंधनाची वेगळी टाकीही होती. अशी टाकी काठावर उतरवून भरता येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साठून राहते. टाकी होडीतच भरणे धोक्याचे, ते त्यामुळेच.

तरीही एक धोका उरला. मोटरीचा दांडा हातात धरून चालवताना तो सारखा एका बाजूला ओढ घेतो. पंख्याच्या वरच्या आणि खालच्या पात्यांवर पाण्याचा जोर सारखा नसतो, त्यातून ही ओढ येते. हात ती नकळत सावरत असतो. चालवणारा पाण्यात पडला की हात सुटतो, मोटर पूर्ण वळते आणि रिकामी होडी गोल फिरत पुन्हा त्याच्याच अंगावर येते, फिरत्या पंख्यासह! यावरचा उपाय अगदी साधा आहे. एक लहान दोरी मनगटाला किंवा जीवरक्षक जाकिटाला बांधायची. माणूस पडला की तिचे दुसरे टोक मोटरीवरच्या कळीतून निघते, ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडते. अमेरिकेत २६ फुटांहून लहान होड्यांना ही सोय वापरण्याची सक्ती १ एप्रिल २०२१ पासून झाली. तोवर इव्हिन्रूड नावाच्या मोटरीचे उत्पादनच थांबले होते (२०२०).

खाडीकाठच्या शाळेतील मुलांना एखाद्या मोटरवाल्याचे हात पाहायला सांगून पाहावे. दोरी ओढल्यावर तो लगेच मागे वाकून पाण्याची बारीक धार शोधतो. मोटर नदीचे किंवा खाडीचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते, आणि ते पाणी फिरते आहे हे ती धार सांगते. धार दिसली नाही, तर तो काठ सोडण्याआधीच मोटर बंद करतो.