अश्वशक्तीचा आकडा आणि टॅपेटची फट

मराठेशाहीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास बखरींतील सैन्याचे आकडे कसे वाचावेत, हे निराळे सांगावे लागत नाही. बखरकार लाखाची फौज लिहितो तेव्हा ती शिरगणती करून लिहिलेली नसते. ऐकणाऱ्यावर जो परिणाम व्हावा अशी त्याची इच्छा असते, त्या परिणामाचा तो आकडा असतो. राजवाड्यांनी अस्सल कागदांचा आग्रह धरल्यापासून ही दृष्टी आपल्याकडे रुजली आहे. परंतु यंत्रयुगाच्या साधनांकडे वळताच तीच सावधगिरी सुटते, असा अनुभव येतो. आकडा कारखान्याने छापला, म्हणजे तो मोजूनच छापला असणार, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेत १९६४ ते १९७१ या आठ वर्षांत निघालेल्या, आणि पुढे ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मोटारींची इंजिने हे या गृहीताच्या परीक्षेचे उत्तम क्षेत्र आहे. या इंजिनांची तुलना आजही बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांवरून केली जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की ती देखभालीच्या कागदांवरून करावी. विक्रीपत्रकाने जे झाकले, ते हमीपत्राने व दुरुस्तीच्या पुस्तिकेने नोंदवून ठेवले आहे.

मसल कारची कल्पना मुळात साधी होती. मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवावयाचे. जनरल मोटर्सने आपल्या मध्यम गाड्यांच्या इंजिनांना ३३० घन इंचांची मर्यादा घातली होती. पाँटिअॅक विभागाने १९६४ साली ३८९ घन इंचांचे इंजिन ‘टेंपेस्ट ल मान्स’ गाडीत ऐच्छिक संच म्हणून देऊन ही मर्यादा चुकवली. संचाला त्यांनी ‘जीटीओ’ हे फेरारीच्या एका गाडीचे नाव दिले. (नाव उसने घेण्याच्या या धिटाईवर स्वतंत्र टिपण लिहिता येईल.) नियम नव्या गाडीला लागू होता, ऐच्छिक संचाला नव्हता. या शाब्दिक पळवाटेतून एक संपूर्ण प्रकार जन्मास आला. चार तोंडांच्या एका कार्ब्युरेटरसह त्याची शक्ती ३२५ आणि दोन-दोन तोंडांच्या तीन कार्ब्युरेटरांसह ३४८ अश्वशक्ती अशी छापली गेली. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या, आणि इतर कंपन्या त्या वाटेने निघाल्या.

आता त्या आकड्यांचे व्याकरण पाहू. त्या काळी अमेरिकेत अश्वशक्ती ‘ग्रॉस’ पद्धतीने मोजत. इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या ठोकळ्यावर चढवीत. त्याला हवेची गाळणी, आवाज दाबणारा सायलेन्सर किंवा विजेचा भार यांपैकी फारसे काही जोडलेले नसे. १९७२ सालच्या गाड्यांपासून ‘नेट’ पद्धत, म्हणजे गाडीत असतात ती सर्व उपांगे जोडून केलेले मोजमाप, सर्वत्र रूढ झाली. क्रायस्लरच्या ४२६ घन इंची हेमी इंजिनाचा आकडा १९७१ साली जुन्या पद्धतीने ४२५ व नव्या पद्धतीने ३५० असा दिला जाई. इंजिन एकच, वाक्ये दोन. १९७१ आणि १९७२ या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून ‘एका वर्षात शक्ती एवढी कोसळली’ असे लिहिणारे लेखक आजही भेटतात. शक्ती खरोखरच काहीशी घटली होती, कारण जनरल मोटर्सने १९७१ साली आपल्या इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले होते. परंतु त्या तफावतीचा मोठा भाग मापाच्या भाषांतराचा आहे.

मोजण्याची पद्धत एकच असतानाही आकडा हवा तसा वळवता येत असे. १९६६ सालच्या कॉर्व्हेटमधील ४२७ घन इंची इंजिनाचा आकडा प्रथम ४५० छापला गेला व थोड्याच अवधीत तो ४२५ झाला. यंत्रात बदल मात्र झाला नाही. त्याच गाडीसाठी १९६७ पासून मिळणारे ‘एल-८८’ हे शर्यतीचे इंजिन ४३० अश्वशक्तीचे म्हणून नोंदले होते, तर रस्त्यावरच्या गिऱ्हाइकासाठी असलेले त्याचे भावंड ४३५ चे. प्रत्यक्षात एल-८८ ची शक्ती पाचशेच्या वर होती. रस्त्यावर मिरवणाऱ्याने ते घेऊ नये म्हणून आकडा पाच अंशांनी खाली ठेवला होता. फोर्डचे १९६८ चे ४२८ ‘कोब्रा जेट’ इंजिन ३३५ चे म्हणून जाहीर झाले, आणि क्रायस्लरच्या ३८३ इंजिनालाही त्याच साली ३३५ हाच आकडा होता. या दोन इंजिनांत पंचेचाळीस घन इंचांचे अंतर होते, आणि कोब्रा जेट पत्रकापेक्षा बरेच अधिक बलवान होते हे शर्यतीच्या वर्तुळात कोणापासून लपलेले नव्हते. शर्यतीच्या संघटना गाड्यांचे वर्ग ठरवताना जाहीर शक्ती विचारात घेत. विमा कंपन्या तिच्यावरून जादा हप्ता लावू लागल्या होत्या. तेव्हा एकच आकडा तीन वाचकांसाठी लिहिला जाई, आणि तिघांना त्यातून निरनिराळे काही वाचावयाचे होते. गिऱ्हाइकासाठी तो मोठा हवा, विमेवाल्यासाठी लहान, शर्यतीच्या पंचासाठी त्याहूनही लहान.

सर्वांत बोलके उदाहरण हेमीचेच. हे इंजिन फेब्रुवारी १९६४ मध्ये डेटोना येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरले आणि रिचर्ड पेटी विजयी झाला. पुढे विक्रीस नसलेल्या इंजिनाला ‘नॅस्कार’ या संघटनेने आक्षेप घेतल्यामुळे क्रायस्लरने १९६६ पासून ते रस्त्यावरच्या गाड्यांत देऊ केले. आकडा ४२५. १९६८ साली त्याचा कॅमशाफ्ट बदलला, आकडा ४२५. १९७० साली घन टॅपेट काढून तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट घातले; आकडा ४२५. १९७१ साली ते बंद झाले तेव्हाही, जुन्या मापाने, ४२५. यंत्र बदलत असता जो आकडा हलत नाही, तो मोजमाप म्हणून स्वीकारणे कठीण आहे. तो एक विशेषनाम झाला होता.

ज्या बदलाने आकडा हलला नाही, त्याच बदलाने मालकाचे जीवन मात्र पालटले. कॅमशाफ्टचा उंचवटा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधील साखळीत घन टॅपेट असेल, तर धातू तापून प्रसरण पावतो यासाठी काही सहस्रांश इंचांची फट मुद्दाम ठेवावी लागते. ही फट झिजेने बदलते, म्हणून ठरावीक काळाने झाकणे काढून, फिलर गेजची पाती सरकवून, सोळा व्हॉल्व्हांची फट एकेक करून जुळवावी लागते. फट वाढली तर टकटक आणि शक्तीचा ऱ्हास. मिटली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. हायड्रॉलिक टॅपेट तेल भरून ही फट आपोआप मिटवतो व मालकाला झाकण उघडावे लागत नाही. त्याची उणीव एवढीच, की फार वेगाने फिरताना त्यात तेल साठून व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा संभव असतो. शर्यतवाल्याला घन टॅपेट हवा असे तो यासाठी. हेमीत याखेरीज चार तोंडांचे दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून घ्यावे लागत, आणि प्लग हेडच्या झाकणातून खाली गेलेल्या नळ्यांत बसवलेले होते.

कंपनीला हे सर्व ठाऊक होते, याचा पुरावा हमीपत्रात सापडतो. क्रायस्लर १९६३ पासून इंजिन व चालनयंत्रणेला पाच वर्षे अथवा पन्नास हजार मैल अशी हमी देत असे आणि तिची जाहिरात मोठ्या अभिमानाने करी. हेमीला मात्र बारा महिने अथवा बारा हजार मैल. पत्रकातील ४२५ हा आकडा आणि हमीपत्रातील १२ हा आकडा एकाच कंपनीने एकाच यंत्राविषयी लिहिले. त्यांतील दुसऱ्याच्या मागे पैशाची जोखीम होती, म्हणून साधन म्हणून मी दुसऱ्याला अधिक वजन देतो.

गिऱ्हाइकांनीही तसेच दिलेले दिसते. १९६८ ची ‘रोड रनर’ ही गाडी मुळात २,८९६ डॉलरला मिळे. तीत ३८३ चे इंजिन असे, आणि त्याला ४४० या मोठ्या इंजिनाचे हेड व कॅमशाफ्ट बसवलेले होते. हेमीसाठी वर ७१४ डॉलर मोजावे लागत, म्हणजे गाडीच्या किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्या वर्षी खपलेल्या सुमारे पंचेचाळीस हजार गाड्यांपैकी हेमीच्या निघाल्या सुमारे एक हजार. उरलेल्यांना एक कार्ब्युरेटर, हायड्रॉलिक टॅपेट आणि पूर्ण मुदतीची हमी पुरेशी वाटली. १९६९ च्या मध्यास आलेले तीन कार्ब्युरेटरांचे ४४० हे त्यांतला मधला मार्ग होते. आकडा ३९०, टॅपेट हायड्रॉलिक, नेहमीच्या चालीत फक्त मधला कार्ब्युरेटर काम करी, बाहेरचे दोन जोर लागला म्हणजे उघडत. माझ्या मते त्या काळातील सर्वांत समंजस निवड हीच होती. हेमीच्या उपासकांना हे मान्य होणार नाही. शेवरोलेने मात्र १९७० मध्ये शेवेलमधील ४५४ च्या ‘एलएस-६’ या ४५० अश्वशक्तीच्या रूपात घन टॅपेट कायम ठेवला. त्याचे ३६० चे भावंड ‘एलएस-५’ हायड्रॉलिक होते.

ही इंजिने ज्या पेट्रोलावर व तेलावर वाढली, ती आज उरलेली नाहीत. एलएस-६ चे कॉम्प्रेशन ११.२५ ला १ होते, आणि त्या वेळचे उंची पेट्रोल शंभराच्या आसपास ऑक्टेनचे असे. आजच्या अमेरिकन पंपावर ९१ ते ९३ दिसते. परंतु येथेही मापाचे व्याकरण बदलले आहे. जुना आकडा ‘रिसर्च’ पद्धतीचा, आजचा दोन पद्धतींच्या सरासरीचा. त्यामुळे आजचे ९३ हे जुन्या मापाने सुमारे ९७-९८ भरते. तूट आहे, पण दिसते तेवढी नाही. पेट्रोलातील शिसे व्हॉल्व्हच्या बिडाच्या बैठकीचे रक्षणही करीत असे. १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलावर अमेरिकेत बंदी आली, तेव्हापासून हेड उघडले की कठीण धातूच्या बैठका बसवणे हा शिरस्ता झाला आहे. तेलाची गोष्ट कमी प्रसिद्ध आहे. जस्त व फॉस्फरस यांचे जे संयुग सपाट टॅपेट व कॅमशाफ्ट यांची झीज रोखते, ते धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकास अपायकारक. म्हणून २००४ च्या ‘एसएम’ प्रतीपासून नेहमीच्या पातळ तेलांतील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. नव्या गाडीचे उत्तम तेल जुन्या गाडीचा नवा कॅमशाफ्ट थोडक्या तासांत खाऊन टाकू शकते.

अशा झिजेने ब्लॉक बदलले जातात, आणि इतिहासकाराची खरी अडचण येथून सुरू होते. १९७० च्या ‘कुडा’ गाडीचा क्रमांक ‘बीएस२३आर०बी’ असा सुरू होत असेल, तर तो वाक्यासारखा वाचता येतो: बॅराकुडा, विशेष श्रेणी, दोन दारांची हार्डटॉप, हेमी इंजिन, साल १९७०, हॅमट्रॅमक कारखाना. पाचवे अक्षर ‘यू’ असेल तर चार तोंडांच्या कार्ब्युरेटरचे ४४०, ‘व्ही’ असेल तर तीन कार्ब्युरेटरांचे. शेवेलचा क्रमांक याबाबत मुका आहे. १९७१ पर्यंत तो सहा सिलिंडर की आठ एवढेच सांगतो. १९६४ व १९६५ च्या जीटीओचा क्रमांक तर साध्या ल मान्सचाच, कारण ती कागदोपत्री स्वतंत्र गाडी नव्हतीच. १९६६ पासून ‘२४२’ ही तिची स्वतःची मालिका सुरू झाली. १९६४ च्या त्या पळवाटेची खूण अशी साधनांत राहून गेली आहे. एलएस-६ च्या शेवेलसाठी मग ब्लॉकवर ठोकलेली ‘सीआरव्ही’ किंवा ‘सीआरआर’ ही अक्षरे व कारखान्याचा बांधणीपत्रक-कागद यांवर भिस्त ठेवावी लागते. अक्षरे घासून पुन्हा ठोकता येतात, आणि १९७१ च्या हेमी कुडाची उघडी गाडी २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली हे लक्षात घेता, ठोकणारे निघाले यात नवल नाही. क्षेपक ओळखण्याची रीत मात्र आपल्याला परिचित अशीच आहे. ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठावाने असते. ती गाडी जुळवल्याच्या तारखेच्या आधीची आणि तिच्यापासून फार दूर नाही, असे असावे लागते. ज्या पृष्ठभागावर अक्षरे ठोकतात, तेथे कारखान्याच्या रंधणीच्या बारीक रेघा असतात. त्या गुळगुळीत झालेल्या दिसल्या, तर अक्षरे कितीही सुबक असोत, पाठ संशयास्पद धरतात.