विष्णुक्रांतेची ओळख

संस्कृत कोशवाङ्मयात आणि लोकव्यवहारात एकाच नावाने वेगवेगळ्या वनस्पती वावरतात याचे विष्णुक्रांत हे बोलके उदाहरण आहे. अमरकोशात हे नाव गिरिकर्णी व अपराजिता यांच्या जोडीने येते आणि ती वेल म्हणजे गोकर्ण असे मानले जाते, तर महाराष्ट्रात आज विष्णुक्रांत म्हणून ओळखली जाणारी वनस्पती मुरमाड माळावर जमिनीलगत पसरते, तिच्या फांद्यांवर रेशमी लव असते आणि जेमतेम सेंटीमीटरभर रुंदीचे तिचे निळे फूल सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटते. गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत विष्णुक्रांतेचा समावेश आहे, परंतु पत्री वाहण्याच्या मंत्रात नुसते नाव येत असल्यामुळे पान कोणते खुडायचे हे खुडणाऱ्याच्या परंपरेवरच राहिले.

नावाला चित्राची जोड मिळाली ती मलबारात. तेथील डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने सिद्ध करवलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबरच कोचीनला स्थायिक झालेल्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचा वाटा होता, आणि त्यांनी १६७५ साली कोकणी भाषेत व नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे, ही गोष्ट महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकांना अजूनही पुरेशी परिचित नाही. १६९२ च्या अकराव्या खंडात ‘विस्नु-क्लांदी’ या नावाखाली माळावरची ही वनस्पती आली. तोवर, १६९१ च्या अखेरीस, सुरतेच्या वाटेवर रीडचे निधन झाले होते.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला प्रथम कॉन्व्हॉल्व्ह्युलस या, मुख्यतः वेलींच्या, प्रजातीत घातले आणि १७६२ मध्ये इव्हॉल्व्ह्युलस या निराळ्या प्रजातीत हलवले. भेद बारीक, पण पक्का आहे: पहिल्या प्रजातीच्या फुलात एकच कुक्षिवृंत, म्हणजे बीजांडकोशावरील देठासारखा भाग, असतो, दुसरीत असे दोन असून प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे फुटतात.

हा भेद औषधी व्यवहारातही निर्णायक ठरतो. चरकसंहितेत बुद्धिवर्धक, म्हणजे मेध्य, रसायनांपैकी शंखपुष्पी विशेष गुणकारी मानली आहे. तिच्या नावावर मात्र कोठे विष्णुक्रांत, कोठे कॉन्व्हॉल्व्ह्युलसची एक जाती, तर केरळात गोकर्ण वापरली जाते. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने यांपैकी कॉन्व्हॉल्व्ह्युलस ग्राह्य धरली आहे. वाळलेल्या जुडीत फुलाचा रंग भरवशाचा राहत नाही, म्हणून परीक्षकाला फूल पाण्यात भिजवून, उलगडून, भिंगाखाली कुक्षिवृंतच मोजावे लागतात.