बंदुकीत दारू किती भरावी? बेंजामिन रॉबिन्सचा लंबक

१/ इ. स. १६९०. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत होते. कडलूरजवळचा एक किल्ला इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने मराठ्यांकडून विकत घेतला; तोच फोर्ट सेंट डेव्हिड. सौद्यात भोवतालची जमीनही होती आणि तिची हद्द तोफेने ठरवली गेली. किल्ल्यावरून डागलेला गोळा पोचेल तिथवरची गावे कंपनीची!

२/ म्हणजे तोफेत दारू किती ठासली आणि तिचे तोंड किती उचलले, यावर गावांची मालकी ठरणार होती. पण योग्य दारू किती? याचे मोजमापाने दिलेले उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. तोफ असो वा बंदूक, प्रत्येक बार हाताने भरला जाई आणि समज एकच होता: दारू जास्त, तर मारा लांब.

३/ हा समज कसोटीला लावला बाथ येथे १७०७ साली जन्मलेल्या बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने. त्याचा ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हा ग्रंथ १७४२ साली आला. पुढे त्याचे जर्मन भाषांतर केले ते थोर गणितज्ञ ऑयलरने!

४/ रॉबिन्सचे साधन साधे होते. तिकाटण्याला टांगलेला, लाकडी ठोकळा बसवलेला सुमारे ५६ पौंडांचा लंबक. गोळी ठोकळ्यात रुतली की लंबक मागे झुले आणि खाली जोडलेली फीत सोबत ओढली जाई. फितीची लांबी मोजली की झोका कळे आणि झोक्यावरून गोळीचा वेग.

५/ मग त्याने लंबक बंदुकीपासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवला. गोळी शिशाची, वजन पौंडाचा बारावा भाग. तिचा सेकंदाचा वेग असा भरला:
२५ फुटांवर सुमारे १,६७० फूट
७५ फुटांवर १,५५० फूट
१२५ फुटांवर १,४२५ फूट

६/ अवघ्या शंभर फुटांत वेगाचा सातवा हिस्सा नाहीसा! हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक होता. जास्तीच्या दारूने मिळवलेला वेग हवाच गिळत होती. म्हणूनच रॉबिन्सने बेताच्या दारूचा आग्रह धरला.

७/ १७७५ पासून वुलिच येथे चार्ल्स हटनने हेच प्रयोग तोफांवर केले. वेग दारूच्या वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असे त्याला आढळले. वेग दुप्पट हवा असेल, तर दारू चौपट!

८/ आणि नेम? रॉबिन्सने दाखवले की नळीत घासून गोल गोळी कशीही गिरकी घेते आणि हवेत वाकडी जाते. हा दोष दारू वाढवून जात नाही. त्यावर उपाय नळीतल्या सर्पिल खाचांचा, म्हणजे रायफलचा. तिचे महत्त्व त्याने १७४७ मध्येच मांडले होते.

९/ आजही स्वतः काडतुसे भरणारे नेमबाज याच वाटेने जातात. बाकी सारे तेच ठेवून दारूचे वजन किंचित बदलायचे, प्रत्येक वजनाच्या काही गोळ्या झाडायच्या आणि छिद्रे सर्वांत जवळजवळ कुठे पडतात ते पाहायचे. उत्तम वजन म्हणजे सर्वांत जास्त वजन नव्हे.

१०/ रॉबिन्स पुढे कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला. जुलै १७५१ मध्ये तो वारला. कुठे? ज्याची हद्द तोफेच्या गोळ्याने आखली होती, त्याच फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये.