माळ्याचे नाव मिळालेले फूल

वसंत व्याख्यानमालेत फुलांवर बोलायला कामगार-संघटनेतला माणूस का उभा राहिला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. तिचे उत्तर सोपे आहे. आमरी, म्हणजे जिला आपण ऑर्किड म्हणतो, तिच्या संकराचा इतिहास आम्ही ग्रंथालयातून वाचू लागलो, तेव्हा पहिल्याच पानावर आम्हांला एक मुकादम भेटला. कारखाना कापडाचा नव्हता, रोपांचा होता, एवढाच फरक.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एक्झेटर नावाचे गाव आहे. तेथे व्हीच घराण्याची मोठी रोपवाटिका होती. जगभरच्या अरण्यांतून माणसे पाठवून झाडे आणायची आणि धनिकांना विकायची, हा तिचा धंदा. जॉन डॉमिनी हा त्या रोपवाटिकेतला मुकादम. गावातले शल्यवैद्य जॉन हॅरिस यांनी त्याला आमरीच्या फुलाची रचना उलगडून दाखवली. इतर फुलांत पुंकेसर वेगळे, स्त्रीकेसर वेगळा. आमरीत दोन्ही एकाच खांबात जुळलेले असतात. पराग पुडीसारखा उधळत नाही, त्याचे गोळे असतात आणि कीटक ते अंगाला चिकटवून नेतो. मग कीटकाचे काम माणसाने काडीने का करू नये? हॅरिसने वाट दाखवली, डॉमिनीने हात चालवला.

कॅलॅन्थी नावाच्या आमरीच्या दोन आशियाई जाती त्याने एकमेकींत मिसळल्या. त्यांतली एक, त्या काळी मसुका म्हणून ओळखली जाणारी जांभळट फुलांची जात, आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही आढळते. 1856 च्या ऑक्टोबरात तो संकर फुलला. माणसाने मुद्दाम घडवलेली, फुलापर्यंत पोचलेली ही पहिली आमरी. नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी तिला नाव दिले कॅलॅन्थी डॉमिनी. ज्याने रोप वाढवले त्याचे नाव फुलाला मिळाले, मालकाचे नाही. अशी उदाहरणे आमच्या वाचनात फार थोडी आहेत, म्हणून हे ठसठशीतपणे सांगतो. पुढे 1859 साली त्याच्याच हातचा दुसरा कॅलॅन्थी संकर फुलला, त्याला मात्र व्हीच हे नाव पडले. आणि बाजारात हिवाळी फूल म्हणून गाजला तो हाच! हॅरिसचेही ऋण फिटले. 1869 सालच्या एका संकराला त्यांचे नाव आहे.

लिंडलींना आनंद झाला तसा धसकाही बसला. वनस्पतिशास्त्रज्ञांना वेड लावायचा हा उद्योग आहे, अशा अर्थाचे ते काही बोलले म्हणतात. त्यांची भीती खोटी नव्हती. रानातून आलेले नवे रोप आणि काचघरात जन्मलेले रोप यांत फरक ओळखायचा कसा? कारखानदारीची नेहमीची रीतही तेथे होतीच: कृती गुप्त ठेवली गेली, आणि बराच काळ हे काम जवळजवळ एकट्या व्हीचांच्या हाती राहिले. डॉमिनीच्या काही संकरांचे आईबाप नेमके कोण, हे पुढे सांगता येईना. नोंदी नीट ठेवल्या गेल्या नव्हत्या. मजुरीच्या वहीत खाडाखोड झाली की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या गोष्टीचे मोल कळेल. डॉमिनीचा शिष्य जॉन सेडन याने पुढे शेकड्यांनी संकर केले आणि 1897 साली राजेशाही उद्यानविद्या संस्थेचे मानाचे पदक मिळवले. 1906 साली सँडर या व्यापारी घराण्याने संकरांची पहिली मोठी यादी छापली, आणि 1961 पासून ती नोंदवही त्याच संस्थेकडे आली. आता नोंदीत आईबापांबरोबर संकर करणाऱ्याचे नावही वेगळे लिहिता येते.

खरी अडचण बीजाची होती. आमरीच्या एका शेंगेत धुळीसारखी असंख्य बीजे असतात, पण रुजताना पुरेल असे अन्न त्यांत नसते. डॉमिनी ती आईरोपाच्या कुंडीत पेरी, आणि हजारांतले एखादेच रोप जगे. का, हे 1899 साली फ्रान्समध्ये नोएल बर्नार्ड या तरुणाने सांगितले. त्या वेळी तो सैन्यातली सक्तीची नोकरी करीत होता. फोंतेनब्लोच्या जंगलात त्याला एका रानआमरीची रुजलेली बीजे सापडली. त्यांच्यात बुरशी शिरलेली होती. बुरशी अन्न पुरवते म्हणून बीज रुजते! बर्नार्ड 1911 साली, वयाच्या 36 व्या वर्षी वारला. 1922 साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर बुरशीवाचून बीजे रुजवली. बाटलीत रोपे होऊ लागली आणि फूल श्रीमंतांच्या काचघरातून बाहेर पडले.

डॉमिनीचे फूल मात्र काचघराचेच होते. त्याच कुळातल्या, थंडी सोसणाऱ्या आमऱ्या जपानात आहेत. तेथे त्यांना एबिने म्हणतात. जमिनीलगतच्या गाठींची माळ कोळंबीच्या पाठीसारखी दिसते म्हणून. पानझडी झाडांच्या सावलीत, कुजलेल्या पालापाचोळ्यात त्या वाढतात. जुनी पाने हिवाळाभर टिकतात, वसंतात नवा कोंब वर येतो आणि त्याच्या पोटातूनच फुलांचा दांडा. हाच काळ नाजूक: उशिरा हिमतुषार पडले तर कळी करपते. गाठी उथळ लावाव्यात. मागच्या जुन्या गाठी टाकून देऊ नयेत, त्यांतूनही कोंब फुटतो.

तपकिरी पाकळ्यांची साधी एबिने आणि पिवळी एबिने जेथे शेजारी वाढतात तेथे निसर्गच संकर घडवतो. त्याला ताकाने म्हणतात. केशरी, विटकरी, पिवळसर-तपकिरी असे त्याचे रंग, दोन रोपे सहसा सारखी नसतात. साधी एबिने आणि इझू बेटांवरची सुगंधी एबिने यांचा संकर म्हणजे कोझू. त्यात वास येतो, पण बेटावरची आई उबदार हवेतली, म्हणून थंडी सोसण्यात तो ताकानेच्या मागे. दोन्ही शेजारी ठेवून पाहणारा जाणकार फक्त रंग बघत नाही. दांडा ताठ आहे का, फुले एकाच वेळी उमलतात का, हिवाळा सोसून गाठ जाड झाली का, हे तो पाहतो. आणि पहिल्याच बहरावर निकाल देत नाही. नव्या कामगाराला पहिल्या आठवड्यात नापास करणाऱ्या जॉबरांनी हे शिकण्यासारखे होते.

1970 नंतरच्या दशकात जपानात एबिनेचे वेड पसरले. चांगल्या रोपांना भारी किंमत येऊ लागली आणि लोकांनी डोंगरांतले ताटवे मुळांसकट उपटून नेले. रानात शतकानुशतके जुळलेले संकर पोत्यांत भरून शहरात गेले. साधी एबिने आणि पिवळी एबिने या दोन्ही आज जपानच्या लाल यादीत आहेत, पिवळी तर संकटग्रस्त म्हणून. 1975 साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारात साऱ्या आमऱ्यांच्या व्यापारावर नियंत्रण आले, पण देशातल्या देशात फावडे घेऊन डोंगर चढणाऱ्याला तो करार अडवीत नाही. आपल्याकडे सीतेची वेणी फांदीसकट तोडून बाजारात विकायला आणतात, तेव्हा आणणारा बहुधा पोटासाठी आणतो. घेणाऱ्याकडे मात्र ती सबब नसते. जपानच्या रोपवाटिकांत आता बाटलीत रुजवलेली ताकानेची रोपे मिळतात. त्यांच्या आईबापांची नोंद असते, आणि ती उपटण्यासाठी कोणाला रान रिकामे करावे लागत नाही.